दोन चमच्यांचा फरक

आमच्या घरातल्या बायका नेहमी विचारतात, "एका इंजिनात एवढा वेळ काय करत असता तुम्ही दोघं?" प्रश्न रास्त आहे. जेवण दोनदा गरम करून झालेले असते, मुले झोपलेली असतात आणि आम्ही नखांतली काळी काढत दारात उभे. गावी अम्मीलाही आमच्या कामातले एवढेच माहीत की कपडे धुतले तरी वास जात नाही. म्हणून यंदा केलेल्या एका कामाची हकीकत इथे लिहीत आहोत. काम गाडीचे असले तरी त्यातला मुद्दा दोन चमच्यांचा आहे, औषधाच्या चमच्यांचा, आणि तो घरात बसूनही समजण्यासारखा आहे.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचे गॅरेज आहे. अब्बा 1978 साली खेड तालुक्यातले गाव सोडून मुंबईहून बोटीने इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या गॅरेजमध्येच राबले. आमच्या पाटीला आता सहा वर्षे होतील. सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच ही रोजची कामे रोजची भाकरी देतात. पण अख्खे इंजिन बदलायचे, तेही एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे, आणि वर टर्बो चढवायचा, असे काम आमच्या स्वतःच्या पाटीखाली पहिल्यांदाच आले. इंजिन फुटले तर भरपाई आम्ही द्यायची, असे आम्हीच कागदावर लिहून दिले होते. त्या वर्षी गावच्या घराचा स्लॅब पडायचा होता. त्यामुळे हे काम अंगावर येऊन चालणार नव्हते.

गाडी होती निसान पॅट्रोल, जुन्या चौकोनी तोंडाची, जिला इथे सगळे वाय-60 म्हणून ओळखतात. मालक एक स्थानिक गृहस्थ, अब्बांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. उर्दू-हिंदी इतकी सफाईदार बोलतात की आम्हीच अडखळतो. थोरल्याला ते 'उस्ताद' म्हणतात. गाडी त्यांच्या वालिदांची. तिचे मूळ 4.2 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन झिजून धूर ओकू लागले होते. वालिद गेले, गाडी अंगणात उभी राहिली आणि आता त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ती वाळूत चालवायची होती. मुलाच्या डोक्यात होते अमेरिकन व्ही-8 आणि त्यावर टर्बो.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना हा शौक वेडेपणा वाटेल. इथे सुट्टीच्या दिवशी अल् बदायरच्या लाल टेकडीवर गाड्यांची जत्रा भरते. तिकडे अबूधाबीच्या लिवा भागात तल मुरीब नावाचा वाळूचा डोंगर आहे, जवळजवळ तीनशे मीटर उंच, उतार पन्नास अंशांच्या आसपास. तो खालून वर एका दमात चढायचा, याच्या शर्यती लागतात. वाळू चाकाला धरून ठेवते, म्हणून ताकद लागते. ती कुठून आणायची, तर शारजाच्या भंगार बाजारात. इथे टाहो, युकॉन, सिल्व्हेराडो या जनरल मोटर्सच्या गाड्या फार खपल्या, त्यामुळे अपघातात मोडलेल्या गाड्यांतून निघालेली 5.3 आणि 6.0 लिटरची व्ही-8 इंजिने भंगारात सहज मिळतात. 5.3 चे इंजिन स्वस्त, दणकट, लोखंडी ब्लॉकचे. आम्ही असे एक पाहून, फिरवून, तेल तपासून आणले. इथवर काही वाद नव्हता.

वाद सुरू झाला तो हेडवरून.

सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाचे झाकण, पण हे झाकण भांड्यावरच्या झाकणासारखे मुके नसते. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यातच, ठिणगी पाडणारा प्लग त्यातच, पाणी खेळवण्याच्या वाटाही त्यातच. व्ही-8 ला अशी दोन झाकणे, प्रत्येकाखाली चार सिलिंडर. या घराण्यातल्या इंजिनांची हेड अॅल्युमिनियमची, ओतून केलेली. गंमत म्हणजे 4.8 पासून 6.0 लिटरपर्यंत त्या पिढीची बहुतेक हेड एकमेकांच्या ब्लॉकवर बसतात. बोल्टची भोके तीच, बाहेरून रूपही तेच. ओळख पटते ती एका कोपऱ्यात ओतकामातच उठवलेल्या आकड्यावरून. त्या लांब आकड्याचे शेवटचे तीन अंक बाजारात नावासारखे चालतात. 862, 706, 241, 243, 799, 317. भंगारवाला पोरगाही विचारतो, "कौनसा चाहिए, तीन सौ सतरा?"

धाकटा आयटीआयला असताना कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत काही महिने होता. तो सांगतो की ओतीव बाहेरून पाहून शहाण्याने बोलू नये. बाहेरचा आकार साचा देतो, पण आतल्या पोकळ्या, म्हणजे पाण्याच्या आणि हवेच्या वाटा, वाळूच्या गाभ्यांनी होतात. त्यांना तिथे 'कोअर' म्हणतात. वितळलेला धातू कोअरभोवती भरतो आणि थंड झाल्यावर कोअर फोडून वाळू झटकून काढतात. कोअर किंचित सरकला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. धातू नीट भरला नाही तर आत बारीक पोकळी राहते, ती वर्षांनी उघडी पडते आणि पाणी झिरपून तेलात जाते. काही 706 हेडांत हे झालेले आहे. रेडिएटरमधले पाणी कमी होत राहते, बाहेर थेंब दिसत नाही आणि तेल दुधाळ होते. म्हणून आकडा सारखा असला तरी प्रत्येक हेड स्वतंत्र तपासावे लागते. अब्बा लोखंडी हेडवर बारीक हातोडी मारून आवाज ऐकायचे. घणघणला तर ठीक, भद्द वाजला तर तडा. अॅल्युमिनियमला ही युक्ती फारशी लागू पडत नाही, ते चांगले असूनही भद्दच वाजते.

आता दोन चमच्यांकडे येऊ.

हेडच्या खालच्या अंगाला प्रत्येक सिलिंडरवर एक खळगा असतो. पिस्टन वर आला की सगळी हवा आणि पेट्रोल या खळग्यात आणि आजूबाजूच्या थोड्या जागेत दाबले जाते. आमच्या 5.3 वर जे 862 हेड होते त्याचा खळगा सुमारे 61 घनसेंटिमीटरचा. 317 हेड 6.0 लिटरच्या इंजिनावरून येते आणि त्याचा खळगा सुमारे 71 चा. फरक दहाचा. औषधाचा चमचा पाच घनसेंटिमीटरचा असतो, म्हणजे दोन चमचे. 243 आणि 799 मधे कुठेतरी, 64 च्या वर थोडे. हवेच्या व्हॉल्व्हचेही तसेच. 862 मध्ये तो 48 मिलिमीटरचा, 317 आणि 243 मध्ये 50.8 चा. धुराचा व्हॉल्व्ह मात्र तिन्हींत एकाच मापाचा.

या इंजिनाचा एक सिलिंडर 666 घनसेंटिमीटर हवा घेतो. मूळ दाब साडेनऊला एक, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा सुमारे 78. त्यात दोन चमचे वाढवले की जागा 88 होते आणि दाब साडेआठला एक. कागदावर एवढेच. पण टर्बो लावला की या एका अंकासाठी माणसे भांडतात. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा ढकलून सिलिंडरमध्ये कोंबतो. कोंबलेली हवा तापते. आधीच तापलेल्या हवेला पिस्टनने आणखी जोरात दाबले, तर प्लगने लावलेली ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले पेट्रोल स्वतःच पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. वरून खडखड ऐकू येते आणि आत पिस्टनवर घणाचे घाव बसत असतात. उन्हाळ्यात इथे सावलीतच पारा 45 च्या पुढे जातो, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा मुळातच गरम. म्हणून लोक मोठ्या खळग्याचे हेड शोधतात. दाब कमी, धोका कमी.

थोरल्याचे मत हेच होते. 317 लावू, दाब उतरवू, निवांत झोपू. भरपाईचा कागद त्याच्याच सहीचा होता, हेही विसरता येत नाही.

धाकट्याचे म्हणणे निराळे. तो म्हणाला, "भाईजान, दाब उतरवला की टर्बो जागा होईपर्यंत गाडी मेल्यासारखी चालते. रस्त्यावर ते खपून जातं. वाळूत चाक रुतलं की त्याच क्षणी ओढ लागते, टर्बोची वाट बघायला वेळ नसतो. पोरगा घाबरून पाय दाबेल आणि गाडी आणखी खोल जाईल." शिवाय इथे 98 ऑक्टेनचे पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळते, जे नॉकिंगला चांगले अडवते. हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा लावू, टर्बोचा दाब अर्ध्या बारच्या पुढे नेऊच नये. तेवढ्यासाठी 61 चा खळगा पुरेसा सुरक्षित आहे, असे त्याचे गणित. आणि मूळ हेड इंजिनासोबत फुकटच आलेली.

दोघांचेही बरोबर होते, म्हणूनच वाद मिटेना. आमच्यात रिवाज असा की अडले की गावी फोन. पावसाळ्याचे दिवस, तीनदा लावल्यावर लागला. अब्बांना 317 आणि 862 हे काही ठाऊक नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पोरगा गाडी कुठं चालवणार?" आम्ही म्हटले, वाळूत. "ते कळलं. शर्यतीला की बापाबरोबर?" हे आम्ही विचारलेच नव्हते. विचारून घ्या म्हणाले आणि फोन अम्मीकडे दिला. पुढची पंधरा मिनिटे स्लॅबच्या सळया आणि सिमेंटच्या गोण्यांत गेली.

विचारण्याआधीच मालक स्वतः आले. पिकअपच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली 317 हेडची जोडी. मुलाच्या दोस्तांनी सांगितले होते की टर्बोला 317 शिवाय पर्याय नाही, म्हणून त्यांनी बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाकडून नऊशे दिरहमला आणली. "बिल्कुल ओरिजिनल है, उस्ताद, खुली भी नहीं." वाळूचे फवारे मारून ती चांदीसारखी चमकवलेली होती. आम्हाला चमकणारे हेड पाहिले की आनंद होत नाही. जुने हेड काळे असावे, डाग असावेत, मग त्याचा इतिहास वाचता येतो. घासून पुसून आलेल्याने काहीतरी पुसलेले असते.

आम्ही चारही हेड तपासायला घेतली, त्यांची दोन आणि इंजिनासोबतची दोन. आधी सरळ पट्टी. घासून अचूक केलेली पोलादी पट्टी हेडच्या तळावर उभी, आडवी, तिरपी ठेवायची आणि खालून पाच शतांश मिलिमीटरची पाती घालून पाहायची. पाती शिरली तर हेड वाकलेले. लोखंडी ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचे हेड तापल्यावर वेगवेगळे फुगतात, म्हणून एकदा इंजिन उकळले की वाकते ते हेडच. चारही सरळ निघाली. मग पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्याच्या टाकीत बुडवली. बुडबुडा नाही. मग लाल रंगाचे द्रव लावून, पुसून, पांढरी पूड मारली. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. व्हॉल्व्हच्या दोन बैठकींमधली चिंचोळी जागा आम्ही भिंगाने पाहिली, कारण तडा बहुधा तिथेच जातो. तिथेही काही नाही.

शेवटी मोजमाप. यासाठी आमच्याकडे काचेची ब्युरेट आहे. धाकट्याची मुलगी बारावीला आहे, ती एकदा गॅरेजमध्ये आली तेव्हा ओरडली, "अब्बू, ही तर आमच्या केमिस्ट्री लॅबची!" तीच. हेड उलटे करून समपातळीत ठेवायचे, व्हॉल्व्ह आणि प्लग घट्ट, खळग्याच्या काठावर ग्रीसचा पातळ थर आणि वर पारदर्शक जाड पट्टी, जिला एक भोक. भोकातून ब्युरेटने लालसर केलेले रॉकेल सोडत जायचे. आत हवेचा बुडबुडा अडकला तर हेड जरा कलते करून तो भोकाशी आणायचा. भरले की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. एका खळग्याला दहा मिनिटे, सोळा खळगे. म्हणजे जेवण दोनदा गरम होते ते असे.

आमची 862 ची जोडी 61 आणि साडे-61 च्या दरम्यान मोजली. आठही खळगे जवळजवळ जुळे. त्यांच्या 317 मधले एक हेड बरोबर 71 च्या आसपास. दुसरे 68. चारही खळगे 68 आणि काहीतरी. ब्युरेट धुऊन पुन्हा मोजले, तेच.

तीन घनसेंटिमीटर म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडे जास्त. या हेडांत एक घनसेंटिमीटर कमी करायचा तर तळ सुमारे 0.15 मिलिमीटर तासावा लागतो. म्हणजे हे हेड कोणीतरी जवळजवळ अर्धा मिलिमीटर तासले होते. एवढे कोणी हौसेने तासत नाही. कधीतरी इंजिन उकळले, हेड वाकले, मशीनवर तासून सरळ केले आणि दुसऱ्या कुठल्यातरी इंजिनाच्या न तासलेल्या हेडसोबत जोडी लावून विकले. म्हणूनच पट्टीखाली ते इतके छान सरळ दिसत होते. ज्याने विकले त्याला हे ठाऊक असेलच असे नाही. बाजारात माल चार हात फिरून येतो.

असे जोड बसवले तर काय होते? इंजिन चालते. गिऱ्हाईकाला कळतही नाही. एका बाजूच्या चार सिलिंडरांचा दाब साडेआठ आणि दुसऱ्या बाजूचा पावणेनऊच्या वर. टर्बो दोन्हींकडे सारखी हवा कोंबतो, कॉम्प्युटर दोन्हींना ठिणगी एकाच हिशोबाने देतो, मग खडखड आधी तासलेल्या बाजूला. त्या बाजूचे हेड अर्धा मिलिमीटर खाली बसल्याने व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या सळ्यांचा ताणही बदलतो, हवेच्या नळकांड्याची भोकेही नीट जुळत नाहीत. उपाय होता. चांगले हेडही तेवढेच तासायचे, दोन्ही 68 ची करायची, सळ्या नव्या मापाच्या घ्यायच्या. मशीनवाल्याचे बिल, सळ्यांचे बिल आणि त्यात आमचेही काही सुटले असते. मालकांना फक्त 'मशीनिंग लागेल' म्हणायचे, ते हो म्हणाले असते. त्यांना चांगले वाटत होते की त्यांनी मुलासाठी खास हेड आणली. ते आम्हाला मोडायचे होते.

थोरल्याने त्यांना बोलावले. चहा मागवला. धाकट्याने ब्युरेट लावली आणि सांगितले, "सेठ, आप खुद नापिए." त्यांनी कंदुऱ्याच्या बाह्या वर सारल्या. पहिल्यांदा बुडबुडा अडकला, पुन्हा केले. एक हेड 71. दुसरे 68. ते काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी तासलेल्या हेडचा दुसरा खळगा स्वतःहून निवडला. 68. मग त्यांनी हात पुसले, त्या माणसाला फोन लावायला काढला, आणि ठेवून दिला. "उसके बाप को मेरे वालिद जानते थे," एवढेच म्हणाले. आम्ही तो विषय पुढे नेला नाही.

मग थोरल्याने अब्बांचा प्रश्न विचारला. मुलगा शर्यतीला जाणार की तुमच्याबरोबर? ते हसले. शर्यतीचे नाव मुलगा घेतो, पण पहिली दोन वर्षे शेजारच्या सीटवर मी बसणार, म्हणाले. वालिदांनी त्यांना याच गाडीत वाळू शिकवली होती. टायरची हवा किती उतरवायची, कड्यावर तिरपे कधीच जायचे नाही, रुतलो तर आधी पाय काढायचा. तेच मुलाला शिकवायचे आहे. संध्याकाळी घरी परत यायचे आहे, ट्रेलरवर नव्हे, स्वतःच्या चाकांवर.

यानंतर हेडचा निर्णय आपोआप झाला. अर्धा बार टर्बो, हळू गतीतली ओढ हवी, 98 चे पेट्रोल, आणि तपासून जुळी निघालेली 862 जोडी. थोरल्याने मान्य केले, पण एका अटीवर, आणि ती अट खरे सांगायचे तर अख्ख्या कामातली सगळ्यात शहाणपणाची होती. हेड बदलण्याचे जे पैसे वाचतात ते खाली घालायचे. पिस्टन बाहेर काढायचे आणि रिंगा बघायच्या.

याबद्दल लोक बोलत नाहीत, कारण रिंगांवर आकडा नसतो आणि त्या दिसत नाहीत. पिस्टनभोवतीची रिंग पूर्ण गोल नसते, तिच्या दोन टोकांत बारीक फट असते. तापली की रिंग लांबते आणि फट कमी होते. कंपनीने ही फट साध्या इंजिनाच्या उष्णतेसाठी ठेवलेली. टर्बोने उष्णता वाढली की टोके एकमेकांना भिडतात, रिंगला जायला जागा उरत नाही, आणि पिस्टनचा काठच तुटतो. या इंजिनांवर टर्बो लावून फुटलेली जी इंजिने आम्ही पाहिली, त्यांतल्या कित्येकांचा दोष हेडवर टाकला गेला होता आणि पिस्टन काढल्यावर काठ तुटलेला निघाला होता. आम्ही आठही पिस्टन काढले, वरच्या रिंगांची फट कानशीने घासून सुमारे 0.6 मिलिमीटर केली. सिलिंडर चांगले होते, लोखंडावर मूळ जाळीदार रेघा अजून दिसत होत्या. बेअरिंग नवी घातली. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जरा कडक बदलल्या, कारण टर्बोची हवा व्हॉल्व्हला मागून ढकलते. पोलादी थरांची गॅस्केट नवी, हेडचे बोल्टही नवे. हे बोल्ट कसताना ताणले जातात, दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. भंगारातून आलेल्या गाड्यांत ते सर्रास पुन्हा वापरलेले दिसतात.

बाकीचे काम नेहमीचे. गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट, माउंटिंग, रेडिएटर, वायरिंगचे जंजाळ. त्यात सात आठवडे गेले, त्याचे वर्णन करत नाही. धाकट्याच्या बायकोने एकदा विचारले की गाडी मोठी झाली की अजून पाळण्यातच आहे.

पहिल्यांदा सुरू केले तेव्हा टर्बोची नळी काढूनच ठेवली होती. तीन दिवस साधे चालवले, तेल बदलले, पाणी तपासले, मग टर्बो जोडला. दाब हळूहळू वाढवत अर्ध्या बारवर आणून थांबलो. कॉम्प्युटरवर नॉकिंगची रेघ शांत. पहिल्या सुट्टीला मालक आणि मुलगा अल् बदायरला गेले, आम्हीही मागून आमच्या जुन्या पिकअपने. मुलगा एका खोल वाटीत रुतला. त्याने पाय काढला, वडिलांनी बोट दाखवले, गाडी थोडी मागे घेतली आणि कमी गतीवरच ओढून बाहेर आली. टर्बोची शिट्टी तिथे वाजलीच नाही. धाकट्याने थोरल्याकडे पाहिले. थोरल्याने पाण्याच्या बाटलीकडे.

तीन महिन्यांनी गाडी तपासणीला आली. आठही सिलिंडरांचा दाब मोजला, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा पीएसआयचाही फरक नाही. तेल स्वच्छ, पाणी जागच्या जागी. स्लॅब त्या आधीच पडला होता. अम्मीने फोटो पाठवला, त्यात अब्बा ओल्या स्लॅबच्या कडेला उभे राहून पाणी मारत आहेत.

317 ची जोडी मालकांनी परत केली नाही, नेलीही नाही. तासलेल्या हेडवर आम्ही नव्या पोरांना व्हॉल्व्ह घासायला बसवतो. चांगले हेड फळीवर आहे, गोणपाटात. मुलगा गेल्या आठवड्यात येऊन त्याच्याकडे बघत उभा होता. त्याला आता तल मुरीब चढायचा आहे, म्हणजे एका बारच्या वरचा दाब. तिथे अर्धा बार आणि 61 चा खळगा पुरणार नाही, हे धाकटाही कबूल करतो. 71 चे एक हेड हाताशी आहे, जोडीला दुसरे न तासलेले शोधावे लागेल. थोरला म्हणतो, आधी दोन वर्षे पुरी होऊ देत, बापाने शब्द दिला आहे. धाकट्याने मात्र ब्युरेट खाली काढून धुऊन ठेवली आहे.